होकायंत्र मागितलं की होडी समोर येते: मराठी शब्दखेळ अडतो तेव्हा

"मावशे, मी 'होकायंत्र घे' लिवलंय, आणि ह्यो सांगता होडी जड आसा!"

वेंगुर्ल्याला आमच्या पडवीत भाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. बाहेर आषाढातला पाऊस. खेळ आम्हीच रचलेला: मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्गावर जायचं, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरी शोधायच्या आणि भरती चढायच्या आत परतायचं. चित्रं नाहीत, आवाज नाही. खेळणारा मराठीत वाक्य लिहितो, खेळ मराठीत उत्तर देतो. पावसाळ्यात किल्ल्यावर होड्या जात नाहीत, म्हणून मुलांनी पडवीत बसूनच किल्ला गाठायचा असं ठरलं होतं.

मी आधी इंटरप्रिटर, म्हणजे खेळाची फाईल चालवणारा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकला. मग दुसराच टाकून पाहिला. मग फॉन्ट बदलला. चार संध्याकाळी यात गेल्या आणि दोष यांतल्या एकातही नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं. पुढे मराठीत असे खेळ करू पाहणाऱ्या आणखी काही जणांशी बोलणं झालं, तर प्रत्येकाची गाडी याच चार-पाच ठिकाणी रुतलेली. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

थोडं मुळापासून. खेळाची फाईल ही आपल्या विंडोजसाठी किंवा फोनसाठी लिहिलेली नसते. ती एका कल्पित संगणकासाठी लिहिलेली असते आणि इंटरप्रिटर त्या कल्पित संगणकाचं सोंग घेतो. १९७९ मध्ये इन्फोकॉम या खेळ करणाऱ्या कंपनीच्या जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी झेड-मशीन आखलं ते यासाठीच. तेव्हा घरगुती संगणकांच्या ढीगभर जाती होत्या. खेळ एकदाच लिहायचा आणि प्रत्येक जातीसाठी फक्त इंटरप्रिटर नवा करायचा. त्यामुळेच त्या काळातल्या फायली आजही फ्रॉट्झसारख्या इंटरप्रिटरवर चालतात. पुढे १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी इन्फॉर्म ही भाषा आणली आणि घरबसल्या कुणालाही झेड-मशीनचे खेळ करता येऊ लागले. झेड-मशीन अपुरं पडू लागल्यावर अँड्र्यू प्लॉटकिन यांनी ग्लुल्क्स नावाचं मोठं कल्पित यंत्र आखलं. आमच्या होडीची गोष्ट या दोन यंत्रांमधल्या फरकाशी येऊन थांबते.

अक्षर कुठे हरवलं ते आधी शोधा

कळफलकावरून निघालेलं अक्षर इंटरप्रिटरकडे जातं, तिथून खेळाच्या फाईलमध्ये, तिथे शब्दकोशाशी ताडून पाहिलं जातं, आणि उत्तर परत इंटरप्रिटरमार्फत पडद्यावर उमटतं. बिघाड यांतल्या कुठल्याही टप्प्यावर असू शकतो. तो ओळखायची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे तीच फाईल दोन वेगळ्या इंटरप्रिटरमध्ये उघडणं. दोन्हीकडे हुबेहूब तीच चूक दिसली तर इंटरप्रिटरला हात लावू नका, दोष फाईलमध्ये आहे. एकात चालतं आणि दुसऱ्यात नाही, तर दोष इंटरप्रिटरमध्ये किंवा त्याच्या मांडणीत. ही परीक्षा मी पहिल्या दिवशी केली असती तर चार संध्याकाळी वाचल्या असत्या.

फाईल उघडतच नसेल तर ती कुठल्या यंत्राची आहे ते बघा. नावाचं शेपूट कुणीही बदलू शकतो, आतला मजकूर मात्र खरं बोलतो. झेड-मशीनच्या फाईलचा पहिला बाइट म्हणजे तिचा आवृत्ती क्रमांक असतो, बहुधा ३, ५ किंवा ८. ग्लुल्क्सची फाईल 'ग्लुल' या चार रोमन अक्षरांनी सुरू होते. ब्लॉर्बची, म्हणजे खेळ आणि त्याची चित्रं-आवाज एकत्र बांधणाऱ्या फाईलची, सुरुवात 'फॉर्म' या अक्षरांनी होते. तिच्या पोटात यांपैकी कुठलीही असू शकते. आणि टॅड्स ही असे खेळ करायची आणखी एक पद्धत, ते तर वेगळंच घराणं. गार्गॉयलसारखा प्रोग्राम यांतले बरेच प्रकार एकाच ठिकाणी उघडतो, त्यामुळे ओळखायला तो बरा.

पडद्यावरच्या खुणा

मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. देवनागरीचा फॉन्ट निवडा, काम झालं.

'किनारा' लिहिलंय आणि वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसली आहे, 'रत्नागिरी'तला त पाय मोडलेला दिसतो आहे, तर फॉन्ट बदलून उपयोग नाही. देवनागरी अक्षरं ओळीने एकामागे एक ठेवून चालत नाही. कुठली वेलांटी आधी काढायची, कुठलं जोडाक्षर एकत्र बांधायचं, हे ठरवणारी वेगळी यंत्रणा लागते. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले काही इंटरप्रिटर प्रत्येक अक्षर सुटं काढतात, तिथे मराठी अशीच विस्कटते. यावर मला एकच खात्रीचा उपाय सापडला: ब्राउझरच्या पोटात चालणारा इंटरप्रिटर वापरायचा, कारण ब्राउझरला मराठी बांधता येते. पार्चमेंट थेट ब्राउझरमध्ये चालतो. लेक्ट्रोट हा विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारा प्रोग्राम आहे. तोही आतून ब्राउझरच आहे, पण नेट नसलं तरी चालतो. आमच्याकडे पहिल्या वादळाबरोबर रेंज जाते, त्यामुळे मी लेक्ट्रोटच ठेवला आहे.

मराठीच्या जागी टोपीवाल्या रोमन अक्षरांची माळ दिसली तर तुम्ही लिहिलेली मूळ फाईल युटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी मावणाऱ्या युनिकोडच्या रूपात, आहे आणि तिच्यातून खेळाची फाईल करणाऱ्या कंपायलरला ते सांगायचं राहिलं आहे. इन्फॉर्म ६ न सांगता लॅटिन-१, म्हणजे फक्त पश्चिम युरोपीय अक्षरांचा तक्ता, गृहीत धरतो. कंपाइल करताना वजाचिन्ह, मोठा सी आणि छोटा यू हा पर्याय द्या.

प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र जरा थांबा. मजकुरात प्रश्नचिन्हं आहेत की तुम्ही टंकलेल्या आज्ञेत, हे वेगळं करा. ग्लुल्क्सच्या खेळाने ओळ मागताना जुन्या पद्धतीची विनंती केली असेल तर लॅटिन-१ बाहेरचं प्रत्येक अक्षर खेळापर्यंत पोचताना प्रश्नचिन्ह होतं. 'होडी' लिहिली तरी खेळाला चार प्रश्नचिन्हं मिळतात. मी पुढे ग्लुल्क्सवर गेले तेव्हा माझ्याकडच्या लायब्ररीत, म्हणजे इन्फॉर्मसोबतच्या तयार भागांत, ओळ वाचणारा भाग असाच होता. तिथे युनिकोडची विनंती घातली आणि ओळ साठवायची जागा अक्षरामागे चार बाइटची केली, तेव्हा सुटलं.

झेड-मशीनवर याच दुखण्याचं कारण निराळं आहे. तिथे युनिकोडच्या अक्षरांना १५५ ते २५१ हे क्रमांक, म्हणजे ९७ जागा, राखून ठेवलेल्या आहेत. मराठीला किती लागतात ते मी मोजलं: स्वर १३, व्यंजनं ळ धरून ३४, काना-मात्रा-वेलांट्या १२, अनुस्वार-विसर्ग-चंद्रबिंदू-हलंत ४, ऱ एक, अंक १०, आणि जोडणारं एक अदृश्य चिन्ह. एकूण ७५. म्हणजे मावतं. तरी कंपायलर अडतो आणि अमुक अक्षर आधी जाहीर करा म्हणतो, कारण अक्षरं जाहीर करायच्या झेडकॅरॅक्टर या सूचनेत बहुतेक जण तक्त्यापुढे बेरजेचं चिन्ह लावतात. बेरीज म्हणजे आधीच्या तक्त्यात भर. आधीचा तक्ता युरोपीय अक्षरांनी ६९ जागा अडवून बसला आहे, म्हणून तुम्हाला उरतात २८. बेरजेचं चिन्ह काढा, अख्खा तक्ता मोकळा होतो.

होडी आणि होकायंत्र

आता मूळ दुखणं. पडद्यावर सगळं शुद्ध, सुंदर मराठी. टंकलेलंही बरोबर. तरी खेळ भलत्याच वस्तूबद्दल बोलतो.

पहिल्यांदा मला वाटलं की मीच कुठेतरी होकायंत्राला होडीचं नाव दिलं असेल. फाईल तीनदा वाचली. मग भाच्याला म्हटलं, "आणखी खंयचो शब्द चुकता तो बघ." त्याने वहीत यादी केली. 'दूरबीण घे' म्हटलं की खेळ म्हणे, दूधबाव उचलून नेता येणार नाही. 'साखळी ओढ' म्हटलं की साखरबावेचं वर्णन. वल्हं मात्र बरोबर, नांगर बरोबर, दहीबाव बरोबर. ती यादी एकाखाली एक बघितल्यावर डोक्यात उजेड पडला. चुकणाऱ्या प्रत्येक जोडीची पहिली दोन चिन्हं सारखी होती: ह आणि ओ-कार, द आणि दुसरा उकार, स आणि काना. खेळ फक्त दोन चिन्हं वाचत होता.

असं का? आमची फाईल झेड-मशीनच्या पाचव्या आवृत्तीची होती. तिच्यात शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाला ९ घरं मिळतात. या घरांत पाच-पाच बिटांची चिन्हं बसतात. रोमन छोट्या अक्षराला एक घर पुरतं, म्हणून इंग्रजी शब्दाची पहिली नऊ अक्षरं ओळखली जातात आणि इंग्रजीत खेळणाऱ्याला ही मर्यादा सहसा जाणवतही नाही. वर्णमालेच्या तक्त्यात नसलेल्या अक्षराला मात्र चार घरं लागतात: एक तक्ता बदलायला, एक 'पुढे पूर्ण क्रमांक येतो आहे' असं सांगायला, आणि दोन त्या क्रमांकाला. 'होडी' लिहा: ह ला चार, ओ-काराला चार, झाली आठ. नववं घर ड चं पहिलं, म्हणजे नुसतं 'तक्ता बदल'. तिथे शब्द तुटतो. 'होकायंत्र' लिहा: ह ला चार, ओ-काराला चार, नवव्या घरात क चं पहिलं, तेही 'तक्ता बदल'. दोन्ही शब्द शब्दकोशात एकरूप. बिचारा इंटरप्रिटर त्याला मिळालेलं प्रामाणिकपणे ताडून पाहत होता.

झेड-मशीनवरच राहायचं असेल तर वर्णमालेचा तक्ता बदलता येतो. त्यात तीन ओळी असतात. पहिल्या ओळीतल्या २६ चिन्हांना एकच घर लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतल्यांना दोन. पहिल्या ओळीत मराठीत सतत येणारी चिन्हं घाला: काना, हलंत, वेलांट्या, एक मात्रा, अनुस्वार, क, त, र, न, य, ल, व, स, म, प, ह, द आणि अशी आणखी. व्यंजनांच्या नादात हलंत विसरू नका, तो आपल्या भाषेत फार ठिकाणी लपलेला असतो. 'होकायंत्र'मध्ये ह, ओ-कार, क, काना, य, अनुस्वार, त, हलंत, र अशी बरोबर नऊ चिन्हं आहेत; सगळी पहिल्या ओळीत असली तर शब्द पुरा मावतो.

याची एक किंमत आहे. रोमन अक्षरं तक्त्याबाहेर गेली की चार घरांची पाळी त्यांच्यावर येते. मग 'रिस्टार्ट' आणि 'रिस्टोर' हे रोमन लिपीतले आदेश पहिल्या दोन अक्षरांवर एक होतात. साठवलेला खेळ उघडायला गेलेला मुलगा खेळ पुसून बसेल. तेव्हा हे आदेशसुद्धा मराठीत करा. आमच्याकडे 'साठव', 'उघड' आणि 'पहिल्यापासून' आहेत.

मी शेवटी ग्लुल्क्सवर गेले, आणि मराठीत नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. झेड-मशीनची पाचवी आवृत्ती २५६ किलोबाइटला संपते, आठवी ५१२ ला. ग्लुल्क्समध्ये ती कोंडी नाही. इन्फॉर्म ६ मध्ये डिक्ट कॅर साइझ ४ केलं की शब्दकोशातलं प्रत्येक अक्षर पूर्ण युनिकोड होतं. डिक्ट वर्ड साइझ, म्हणजे शब्दाची किती अक्षरं ओळखायची तो आकडा, एरवी ९ असतं. मी ते २० केलं.

आणि वाढवल्यावर जे चालत होतं ते बंद पडलं. 'होकायंत्राकडे बघ' ही आज्ञा नऊवर चालायची, वीसवर नाही. कारण सोपं होतं. नऊ चिन्हांवर कापल्यावर 'होकायंत्राकडे'चं 'होकायंत्र' उरायचं, प्रत्यय आपोआप गळून पडायचा. 'होडीकडे' कधीच चाललं नव्हतं, कारण होडी चारच चिन्हांची. म्हणजे लांब शब्दांची विभक्ती नशिबाने चालत होती आणि आखूड शब्दांची नाही. हा घोळ मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला वाटतं खेळ मराठी समजतो, आणि तो नुसता शब्द कापत असतो.

मराठी वाक्य मराठीतच चालायला हवं

इन्फॉर्मचं व्याकरण क्रियापद पहिलं येतं असं धरून चालतं. 'घे होकायंत्र' असं आपल्या घरात कुणी बोलत नाही. मुलांना खेळासाठी उलटं बोलायला लावणं मला पटलं नाही. भाषेच्या व्याख्येच्या फाईलमध्ये लँग्वेज-टू-इन्फॉर्मीज नावाची एक जागा आहे. टंकलेली ओळ व्याकरणाकडे जाण्यापूर्वी तिथे बदलता येते. तिथे शेवटचा शब्द उचलून पहिल्या जागी ठेवायचा, आणि नामाला चिकटलेले ला, ने, त, वर, कडे, खाली, जवळ हे सोडवायचे.

सोडवताना सामान्यरूप आडवं येतं. 'दोराला'मधून ला काढला तर 'दोरा' उरतो, दोर नाही. आणि दोरा ही खेळात दुसरीच वस्तू असू शकते. 'विहिरीत'मधला त काढला तर 'विहिरी', पण मूळ शब्दाची वेलांटी दीर्घ. नियम लिहीत बसण्यापेक्षा प्रत्येक वस्तूच्या नावांत सामान्यरूप हाताने घालणं मला बरं वाटलं: विहिरीला 'विहीर' आणि 'विहिरी' दोन्ही, खांबाला 'खांब' आणि 'खांबा' दोन्ही. चाळीस वस्तूंच्या खेळाला एक दुपार पुरते. मालवणीतून लिहिणाऱ्या मुलांसाठी मी 'बाव' आणि 'बावडी' हेही विहिरीच्या नावांत घातलं.

दिसायला एक, आतून दोन

शेवटचं दुखणं सर्वांत फसवं, कारण डोळ्यांना काहीच दिसत नाही. 'दोऱ्या सोड' ही आज्ञा माझ्या लॅपटॉपवर चाले आणि बहिणीच्या फोनवरून टंकली की "असा शब्द मला ठाऊक नाही" असं उत्तर येई. दोन्हीकडे पडद्यावर अगदी तोच शब्द. शेवटी दोन्ही शब्द पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत टाकले आणि ऑर्ड या फंक्शनने एकेक चिन्हाचा क्रमांक काढला. एका शब्दात ०९३१ हा ऱ आणि पुढे हलंत. दुसऱ्यात साधा ०९३० चा र, हलंत, आणि त्यामागे २००डी हे अदृश्य जोडचिन्ह. मराठीतला तो अर्ध्या र चा डोळ्याच्या पापणीसारखा आकार दोन्ही रीतींनी निघतो, आणि कुठला कळफलक कुठली रीत वापरेल याचा नेम नाही. र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही ऱ होतो, ती तिसरी रीत. 'ॲ' एकसंध लिहिता येतो, आणि अ वर चंद्र देऊनही.

ग्लक, म्हणजे खेळ आणि इंटरप्रिटर यांच्यातला दुवा, त्यात युनिकोडचं प्रमाणित रूप करून देणारी सोय आहे. ती नुक्त्याचा प्रश्न सोडवते, पण अदृश्य जोडचिन्ह आणि ॲ ती तसेच ठेवते. म्हणून ओळ आल्याबरोबर, शब्द सुटे होण्याआधी, मी चार गोष्टी करते: र-हलंत-जोडचिन्ह दिसलं की ऱ-हलंत करायचं, र आणि नुक्ता दिसला की ऱ करायचा, अ आणि चंद्र दिसला की ॲ करायचा, उरलेली सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकायची. आणि मूळ फाईलमधले शब्दही याच रूपात आहेत ना ते एकदा तपासायचं. हे दुसरं विसरलात तर पहिलं फुकट जातं, कारण कोशातलाच शब्द जुन्या रीतीचा असेल तर तो कधीच सापडणार नाही.

हे सगळं दुरुस्त करताना एक खबरदारी घ्या. फाईल पुन्हा कंपाइल केली की आधी साठवलेले खेळ उघडत नाहीत. क्वेट्झल पद्धतीच्या साठवणीत खेळाचा प्रकाशन क्रमांक, अनुक्रमांक आणि बेरीज-तपासणी नोंदलेली असते. नव्या फाईलशी ती जुळत नाही आणि इंटरप्रिटर नकार देतो. ते योग्यच आहे, कारण आतले पत्ते बदललेले असतात आणि जबरदस्तीने उघडलं तर खेळ मध्येच कोसळेल. त्यामुळे मुलं अर्ध्या खेळात असताना दुरुस्ती करायची असेल तर जुनी फाईल जपून ठेवा आणि नवीन वेगळ्या नावाने द्या.

भाचा तेव्हा साखरबावेपर्यंत पोचला होता. त्याने जुन्या फाईलवर तो डाव पुरा केला, होडी-होकायंत्राच्या घोटाळ्यासकट. नव्या फाईलवर दुसऱ्या दिवशी पहिलीच आज्ञा दिली, 'होकायंत्र घे'. उत्तर आलं: "होकायंत्र आता तुझ्याकडे आहे. काटा किल्ल्याकडे वळलेला नाही, तो उत्तरेकडे आहे." त्याने मान वर न करता पुढची आज्ञा टंकली: 'होडीत बस'.